पाटी आणि नजर : डॉक्टरांनी उभारलेली बालघरे

१९०६ साली रोमच्या सान लोरेंझो या कष्टकरी वस्तीत एका घरबांधणी कंपनीपुढे पेच उभा होता. मोडकळीला आलेल्या चाळी विकत घेऊन कंपनीने त्या दुरुस्त केल्या होत्या आणि खोल्या कामगार कुटुंबांना भाड्याने दिल्या होत्या. आईबाप सकाळीच कामावर जात. शाळेचे वय न झालेली पोरे दिवसभर जिन्यांत आणि अंगणात हुंदडत, नव्याने रंगवलेल्या भिंती खरवडत. कंपनीचे प्रमुख एदुआर्दो तालामो यांनी हिशेब मांडला. इमारतीतच एक खोली मुलांना दिली आणि त्यांच्याकडे पाहायला एक बाई ठेवली, तर दुरुस्तीचे जे पैसे वाचतील त्यांतूनच तिचा खर्च निघेल. ही जबाबदारी त्यांनी सोपवली एका डॉक्टर बाईंवर. ६ जानेवारी १९०७ रोजी व्हिया देई मार्सी या रस्त्यावरच्या ५८ क्रमांकाच्या इमारतीत सुमारे पन्नास मुलांसाठी ‘कासा देई बाम्बिनी’, म्हणजे मुलांचे घर, उघडले. त्या डॉक्टर होत्या मारिया माँटेसरी. जगभर हजारो शाळांच्या पाट्यांवर पोचलेल्या या नावाची सुरुवात अशी एका भाडेकरू चाळीच्या देखभालखर्चातून झाली.

आज अनेक बालरोगतज्ज्ञ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि वाचा-उपचारतज्ज्ञ दवाखान्याच्या जोडीने बालविकास केंद्र काढतात. कित्येक जण एखाद्या नामांकित साखळीची फ्रँचायझी घेतात. ही वाट नवी वाटते, पण तिला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. अशा केंद्रात विकत काय मिळते आणि विकत काय मिळत नाही, याचे उत्तरही त्याच इतिहासात आहे.

डॉक्टरांची परंपरा

१८७० साली जन्मलेल्या माँटेसरी १८९६ मध्ये रोम विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. इटलीतल्या पहिल्या काही स्त्री-डॉक्टरांपैकी त्या एक. विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांना मतिमंद ठरवून वेड्यांच्या इस्पितळात कोंडलेली मुले दिसली. या मुलांना औषधापेक्षा शिक्षणाची गरज अधिक आहे, अशी त्यांची खात्री पटत गेली. त्यांनी दोन फ्रेंच पूर्वसूरींचा अभ्यास केला. पहिले जाँ इतार. आव्हेरोंच्या जंगलात सापडलेल्या व्हिक्टर या मुलाला त्यांनी वर्षानुवर्षे शिकवले होते. दुसरे त्यांचे शिष्य एदुआर सेगँ. मंदगतीने शिकणाऱ्या मुलांसाठी त्यांनी हात आणि डोळे यांना वळण लावणारी साधने तयार केली होती. इतार वैद्यच होते आणि सेगँही पुढे अमेरिकेत डॉक्टर झाले. या दोघांचे लेखन बारकाव्यानिशी मनात उतरावे म्हणून माँटेसरींनी ते स्वतःच्या हाताने इटालियनमध्ये उतरवून काढले.

१९०० मध्ये रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी संस्था निघाली आणि ज्युसेप्पे मोंतेसानो या डॉक्टरांबरोबर माँटेसरी तिच्या संचालक झाल्या. तिथे मुलांची प्रगती पाहून त्यांच्या मनात प्रश्न उभा राहिला: ही साधने निरोगी मुलांच्या हाती दिली तर काय होईल? सान लोरेंझोच्या त्या खोलीत त्यांना याचे उत्तर शोधायला मिळाले.

घर, पण दवाखान्याच्या शिस्तीचे

त्या घराची नियमावली वाचताना डॉक्टरचा हात जागोजागी जाणवतो. प्रत्येक घराला एक संचालिका, एक डॉक्टर आणि एक देखभाल करणारी व्यक्ती हवी, असा नियम होता. पालकांना फी नव्हती. मात्र मुलाला स्वच्छ करून पाठवणे आणि आईने आठवड्यातून एकदा संचालिकेशी बोलणे बंधनकारक होते. दर महिन्याला मुलांची उंची मोजली जाई, दर आठवड्याला वजन होई आणि प्रत्येक मुलाची नोंद ठेवली जाई.

लाकडी दट्ट्यांचे ठोकळे, गुलाबी मनोरा, खरखरीत कागदाची अक्षरे अशा साहित्याची रचनाही निदानाच्या शिस्तीत बसणारी होती. एका साधनात एकच गुण बदलतो, बाकी सगळे सारखे असते. दट्ट्या चुकीच्या भोकात गेला की शेवटचा दट्ट्या बसत नाही आणि चूक मुलालाच दिसते. मोठ्यांनी ओरडायची गरज उरत नाही. त्यामुळे शिक्षिकेला दुसऱ्या कामासाठी वेळ मिळतो. बाजूला बसून पाहायचे आणि लिहून ठेवायचे. कोणते मूल कशापाशी किती वेळ रमले, कुठे अडले, काय पुन्हा पुन्हा केले. डॉक्टर रोग्याच्या खाटेशी जे करतो, तेच इथे निरोगी मुलाच्या चटईशी होऊ लागले.

एका खोलीच्या हजार शाखा

१९०७ च्याच एप्रिलमध्ये सान लोरेंझोत दुसरे घर उघडले आणि १९०८ मध्ये मिलानमध्येही. १९०९ मध्ये माँटेसरींचे पुस्तक निघाले, १९१२ मध्ये त्याचे इंग्रजी भाषांतर आले. अमेरिकेत मॅक्‌क्लुअर्स मासिकाने या प्रयोगाला प्रसिद्धी दिली. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जागतिक प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्ग भरवला गेला आणि काचेपलीकडून लोक मुलांना काम करताना पाहत राहिले.

यातून आजच्या फ्रँचायझीचे सगळे प्रश्न उभे राहिले. साहित्य कोणी बनवायचे? अमेरिकेत ते काम ‘हाउस ऑफ चाइल्डहुड’ या कंपनीकडे होते. शिक्षकांना तयार कोणी करायचे? माँटेसरींनी हा अधिकार दीर्घकाळ स्वतःच्या हातात ठेवला. घाईत केलेल्या नकलेत पद्धतीचा आत्मा हरवेल, अशी त्यांना काळजी होती. १९२९ मध्ये पुत्र मारिओ यांच्यासह त्यांनी आंतरराष्ट्रीय माँटेसरी संघ स्थापला. तरीही १९६७ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने निकाल दिला की ‘माँटेसरी’ हा शब्द आता एका शिक्षणपद्धतीचे सर्वसाधारण नाव झाला आहे आणि त्यावर कुणा एकाची मालकी नाही. तेव्हापासून अमेरिकेत कोणीही ही पाटी लावू शकतो. म्हणून पाटीमागे काय आहे ते पारखण्याचे काम पालकांवर येते.

भारतात

१९३९ च्या अखेरीस थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून माँटेसरी मद्रासजवळच्या अड्यारला आल्या. पहिल्याच वर्गाला तीनशेच्या वर विद्यार्थी होते. इटली युद्धात उतरल्यावर ब्रिटिश सरकारने मारिओंना नजरकैदेत टाकले आणि १९४० मध्ये माँटेसरींच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका केली. मायलेकांनी युद्धाची वर्षे भारतातच प्रशिक्षण देण्यात घालवली.

महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी या पद्धतीचे मर्म घेतले आणि खर्च बाजूला सारला. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला अनुभव घेतलेल्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडला बहरले. महागड्या ठोकळ्यांऐवजी त्यांनी बिया, शिंपले, दगड, पाने वापरली. मूल बालवाडीत येत नाही म्हटल्यावर बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. साहित्य बदलले तरी मुलाकडे पाहण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही, म्हणून ते काम टिकले.

त्याच वाटेवरचे इतर

बुडापेस्टमधल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिक्लर यांनी १९४६ मध्ये लोत्सी रस्त्यावर अनाथ बाळांसाठी घर काढले. बाळाला बसवू नये, उभे करू नये. ते आपल्या वेळी पालथे पडते, रांगते, उठते, त्याला जागा द्यावी. हे तत्त्व त्यांनी शेकडो बाळांच्या नोंदींवरून मांडले. अमेरिकेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या पुस्तकात संवेदनांची सांगड मांडली. तोल, स्पर्श आणि शरीराचे भान यांचा मेंदू कसा मेळ घालतो, याचा तो विचार होता. आजच्या थेरपी केंद्रांतले झोके, चढायच्या जाळ्या आणि मऊ गाद्या त्याच विचारातून आल्या आहेत.

करारात काय येते

फ्रँचायझी घेणारा सुरुवातीची फी भरतो, दरमहा उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा रॉयल्टी म्हणून देतो आणि बदल्यात नाव, आखणी, अभ्यासक्रम व प्रशिक्षण मिळवतो. अमेरिकेत करारावर सही होण्याच्या किमान १४ दिवस आधी कंपनीला २३ मुद्द्यांचे माहितीपत्रक द्यावे लागते. भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. १८७२ चा करार कायदा आणि १९९९ चा ट्रेडमार्क कायदा यांवरच व्यवहार चालतो. म्हणून सही करण्याआधी वकिलाकडून कलमे वाचून घेणे हे थेरपिस्टचे पहिले काम आहे.

डॉक्टरसाठी दुसरेही बंधन आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमावलीने रुग्ण पाठवल्याबद्दल दलाली देणे-घेणे निषिद्ध केले आहे. आपल्याच दवाखान्यातल्या मुलाला आपल्याच केंद्रात पाठवताना हा नियम ध्यानात ठेवावा. मालकी आपली आहे हे पालकांना स्पष्ट सांगावे आणि दुसरे पर्यायही दाखवावेत. सरकारी सोयही आहेच. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत वेगवेगळे तज्ज्ञ एका छताखाली असतात.

नाव, गाद्या, अभ्यासक्रम हे सारे करारातून येते. चौदा महिन्यांचे मूल बोट दाखवते का, हाक मारल्यावर वळते का, एकाच बाजूने का रांगते, हे टिपणारी नजर मात्र कोणतीच कंपनी पेटीत भरून पाठवू शकत नाही. ती प्रशिक्षण आणि सरावातून येते. आरोग्यक्षेत्रातला माणूस बालविकास केंद्राचा मालक होतो तेव्हा हीच नजर तो सोबत आणतो आणि तेच त्याचे खरे भांडवल असते. मालक होऊन तो हिशेबाच्या खोलीतच बसून राहिला, तर ते भांडवल वाया जाते.

म्हणून केंद्र निवडताना पालकांनी एक विनंती जरूर करावी: मुलांच्या नोंदी कशा ठेवता, ते दाखवा. सान लोरेंझोच्या त्या खोलीत प्रत्येक मुलाची नोंद होती आणि दर आठवड्याला तिच्यात भर पडत होती. आपल्या मुलाच्या नावाचेही असेच पान असेल आणि त्यावर या आठवड्याची तारीख असेल, तर भिंतीवरच्या पाटीला अर्थ आहे.