बोलके यंत्र आणि परका उच्चार

शहाद्याला लागून असलेल्या लोणखेड्यातला मुलगा घरी गुजरी किंवा अहिराणी बोलतो, सातपुड्याकडून शिकायला आलेला असला तर पावरी किंवा भिली बोलतो. बाजारात त्याला दुसऱ्याची बोली उमगते, शाळेत तो मराठी बोलतो, आणि हिंदी तर वाटेवर मिळतेच. अक्षर दिसण्यापूर्वी या भाषांचा आवाज त्याच्या कानी पडलेला असतो. इंग्रजीच्या बाबतीत मात्र आपण हा क्रम उलटा करतो. शब्दाच्या डोक्यावर बारीक देवनागरीत उच्चार लिहून देतो, आणि तो तसाच बोलला की वर्ग हसतो. चार भाषा सहज बोलणारा मुलगा त्या हसण्यानंतर या पाचव्या भाषेपुढे मुका होतो. आज घडवलेल्या आवाजात बोलणारी यंत्रे खेडोपाडी मोबाईलमध्ये पोचली आहेत. त्यांचा या मुक्या मुलाला काही उपयोग आहे काय, एवढाच आमचा विषय आहे.

आधी अडचण कोठे आहे ते पाहू. 'दिन' आणि 'दीन' हे शब्द आपण कागदावर वेगळे लिहितो, पण सहज बोलताना दोन्ही बहुधा एकसारखेच उच्चारतो. आपल्या कानाला त्या ऱ्हस्वदीर्घाची फारशी गरजच पडत नाही. आता इंग्रजीतले 'शिप' म्हणजे जहाज आणि 'शीप' म्हणजे मेंढी. आपण मुलाला सांगतो, दुसरा ई लांबव. ही शिकवण अपुरी आहे. पुढे 'प' आल्यामुळे 'शीप'मधला ई प्रत्यक्षात आखूडच निघतो. खरा भेद स्वराच्या जातीचा आहे. 'शिप'मध्ये जीभ किंचित खाली, 'ए'च्या बाजूला सरकते. ही गोष्ट वेलांटीने दाखवता येत नाही. तसेच इंग्रजीचा 'टी' आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधल्या जागी, दातांमागच्या हिरडीवर उमटतो. आपल्याकडे त्याला अक्षरच नाही. देवनागरी अक्षरे ध्वनीशी प्रामाणिक असतात असा आपला अभिमान आहे, आणि तो आपल्या भाषांपुरता बराचसा खरा आहे. परक्या ध्वनीच्या बाबतीत तीच अक्षरे आपल्याला फसवतात.

माणसाने बोलणारे यंत्र करण्याची हौस जुनी आहे. व्होल्फगांग फॉन केम्पेलेन याने भाता, कंप पावणारी पट्टी आणि तोंडासारखा भाग जोडून असे यंत्र बनवले आणि 1791 साली त्यावर ग्रंथ लिहिला. 1939 साली न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात बेल प्रयोगशाळेचे 'व्होडर' यंत्र बोलले; ते बोटांनी पट्ट्या दाबून पेटीसारखे वाजवावे लागे. पुढे संगणक आला. 2016 साली पुढे आलेल्या वेव्हनेट पद्धतीत तर यंत्र खऱ्या माणसांचे बोलणे ऐकून शिकते आणि एका सेकंदाच्या आवाजाचे सोळा हजार ठिपके एकामागून एक रचते. मोबाईलमधले यंत्र लिहिलेला मजकूर घेते, त्याचे ध्वनी ठरवते, प्रत्येकाला लांबी व चढउतार देते आणि मग आवाज घडवते. अनेक यंत्रांत निवडलेली भाषा एकदा उतरवून घेतली की इंटरनेटही लागत नाही.

शिक्षणाच्या दृष्टीने याचा गुण कोणता? शिक्षक 'शिप' दहादा म्हणतो तेव्हा दहावा 'शिप' दमलेला असतो. यंत्राचा थकत नाही. ग्रामोफोनची तबकडी सावकाश फिरवली तर आवाज जाड होतो. हे यंत्र वेग कमी करूनही आवाजाची पट्टी तीच ठेवते. आणि ते हसत नाही, हा गुण आम्ही सर्वांत वरचा मानतो.

पण त्याचा वापर बहुतेक ठिकाणी उलटा होतो. मुलाच्या हाती यंत्र देऊन 'ऐक आणि तसे म्हण' असे सांगतात. ज्याला फरक ऐकूच येत नाही तो तसे म्हणणार कसे? आमची सूचना अशी की पहिले काही दिवस मुलांनी तोंड उघडूच नये. एकाने मोबाईलवर दोहोंपैकी एक शब्द वाजवावा, बाकीच्यांनी पुस्तक मिटून पहिल्यासाठी एक बोट, दुसऱ्यासाठी दोन बोटे दाखवावीत. मग आवाज बदलावा, स्त्रीचा, पुरुषाचा, म्हणजे कान आवाजाच्या ओळखीवर न जाता ध्वनीवर बसतो. बोटे चुकेनाशी झाली की बोलायला सांगावे.

यंत्राच्या चुकाही माहीत असाव्यात. इंग्रजीत वाचण्याच्या क्रियापदाचे वर्तमान आणि भूत यांचे स्पेलिंग एकच, उच्चार 'रीड' आणि 'रेड'. संदर्भ चुकला की यंत्रही चुकते. इंग्रजांना हसू नये, कारण आपल्या 'चार' आणि 'चाक' यांतला च लिहायला एक आणि बोलायला दोन आहेत, आणि मराठी वाचणाऱ्या यंत्राला तो भेद निराळा शिकवावा लागतो. रोमन लिपीतले 'लोणखेडा' इंग्रजी यंत्रापुढे ठेवले तर ण बिचारा कोठून येणार! शिवाय यंत्रात अमेरिकी, ब्रिटिश, भारतीय असे निरनिराळे आवाज असतात. कोणताही एक धरावा, रोज बदलू नये. आमचे मत भारतीय आवाजाकडे झुकते. मुलाला परक्या माणसाने समजून घ्यावे एवढेच साधायचे आहे, त्याला लंडनचा करायचा नाही.

आता तर मुलाचे बोलणे ऐकून गुण देणारी यंत्रेही आहेत. त्यांच्याविषयी आम्ही सावध आहोत. ज्या आवाजांवर यंत्र शिकले त्यांत सातपुड्याच्या पायथ्याचा आवाज नसेल, तर ते बरोबर उच्चारालाही चूक म्हणेल, आणि ज्या हसण्यातून मुलाला सोडवायचे तेच हसणे लाल खुणेच्या रूपाने परत येईल. गुण शिक्षकाच्या कानाने द्यावेत.

शिवाय मोबाईलच्या यंत्राला ओठ नाहीत. इंग्रजी 'एफ'साठी वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, आपल्या 'फ'साठी दोन्ही ओठ मिटतात. हे आरशात पाहावे लागते. तोंडापुढे कागदाची पातळ पट्टी धरून इंग्रजांच्या तऱ्हेने 'पिन' म्हटले तर श्वासाच्या झोताने ती हलते, 'स्पिन' म्हटले तर जवळजवळ स्थिर राहते. आपला 'प' दोन्ही ठिकाणी बिनझोताचा निघतो, म्हणून इंग्रजाला आपला 'पिन' कधी 'बिन' ऐकू येतो. पट्टीसाठी वहीच्या शेवटच्या पानाचा तुकडा पुरतो. ती हलू लागली की मुलांचे हसूही येते, पण ते पट्टीला.