टेस्लाची गाडी आणि टेस्लाचा शेअर

२०२२ साली टेस्लाने ग्राहकांच्या हाती १३ लाख १४ हजार गाड्या दिल्या, आदल्या वर्षापेक्षा ४० टक्के जास्त. त्याच वर्षी तिचा शेअर ६५ टक्के पडला. २०२४ साली नेमकं उलटं झालं. दहा-बारा वर्षांत पहिल्यांदाच विक्री घटली, १८ लाख ९ हजारांवरून १७ लाख ८९ हजारांवर आली, आणि शेअर मात्र ६० टक्क्यांहून जास्त चढला.

हे आकडे कुणापासून लपलेले नाहीत. तरी दर तिमाही संपली, डिलिव्हरीचा आकडा आला, की सॅन होजेपासून हिंजवडीपर्यंत गाड्यांच्या विक्रीवरून शेअरचा भाव काढायचा तोच हिशेब पुन्हा मांडला जातो. माझ्याकडे टेस्लाची गाडी नाही आणि शेअरही नाही, त्यामुळे या भांडणात मी बिनकामाचा प्रेक्षक आहे. प्रेक्षकाला एक सोय असते. तेजीवाले आणि मंदीवाले दोघंही कुठे घसरतात, ते त्याला दिसतं.

“गाड्या खपल्या की भाव वर, नाही खपल्या की खाली”

२०२२ मध्ये गाड्या चांगल्या खपत होत्या. पण अमेरिकेत व्याजदर वाढत होते, आणि दूरच्या नफ्यावर भाव मिळणारे सगळेच शेअर तेव्हा झोडपले गेले. त्यात कंपनीचे प्रमुख इलॉन मस्क यांनी ४४ अब्ज डॉलरना ट्विटर विकत घेतलं आणि त्यासाठी टेस्लाचे अब्जावधी डॉलरचे शेअर बाजारात विकले. यात गाडीचा दोष काय होता?

२०२४ ची गंमत आणखी वेगळी. ५ नोव्हेंबरला, म्हणजे अमेरिकेतल्या निवडणुकीच्या दिवशी, भाव वर्षारंभीच्या पातळीच्या जवळपासच होता, २५० डॉलरच्या आगेमागे. ट्रम्प जिंकले, मस्क त्यांच्या शेजारी उभे होते, आणि वर्षाची जवळजवळ सगळी वाढ पुढच्या आठ आठवड्यांत झाली. त्या आठ आठवड्यांत कारखान्यातून काही वेगळी गाडी बाहेर पडली नव्हती.

गाड्यांचा आकडा निरर्थक आहे, असं मी म्हणत नाही. नफा शेवटी तिथूनच येतो. पण टेस्लाच्या भावातला मोठा वाटा आज विकल्या जाणाऱ्या गाड्यांचा नाहीच. उद्या येतील म्हणून सांगितलेल्या बिनचालकाच्या टॅक्सी आणि माणसासारखे यंत्रमानव यांचा तो भाव आहे. २०२५ मध्ये विक्री आणखी घसरून १६ लाख ३६ हजारांवर आली. चीनच्या बीवायडीने निव्वळ बॅटरीवर चालणाऱ्या २२ लाखांहून जास्त गाड्या विकून टेस्लाला मागे टाकलं. आणि टेस्लाचा शेअर वर्षअखेरीला आदल्या वर्षापेक्षा वरच बंद झाला.

“आकडा कंपनीनेच दिलाय, मग त्यात शंका कसली?”

आकडा खराच असतो. तो काय सांगत नाही, हे बघायचं असतं. बनवलेल्या गाड्या आणि ग्राहकाच्या ताब्यात दिलेल्या गाड्या हे दोन निरनिराळे आकडे आहेत. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत टेस्लाने ४ लाख ३३ हजार गाड्या बनवल्या आणि ३ लाख ८७ हजार दिल्या. मधल्या ४६ हजार गाड्या कुठल्या तरी आवारात, जहाजावर किंवा वाटेवर होत्या. बातमीचा मथळा यातला एकच आकडा उचलतो.

शिवाय तिमाही-तिमाहीत फरक असतो. २०२५ ची तिसरी तिमाही टेस्लाची विक्रमी ठरली, ४ लाख ९७ हजार गाड्या. पेढे वाटण्याआधी कॅलेंडर बघावं. अमेरिकेत विजेच्या गाडीवर मिळणारी ७,५०० डॉलरची करसवलत ३० सप्टेंबरला संपणार होती. आपल्याकडे मुद्रांक शुल्काची सवलत संपायच्या आठवड्यात निबंधक कार्यालयात जशी झुंबड उडते, तशीच ती झुंबड होती. पुढच्या तिमाहीत आकडा ४ लाख १८ हजारांवर आला. याउलट त्याच वर्षीच्या पहिल्या तिमाहीत नव्या ‘मॉडेल वाय’ गाडीसाठी चारही कारखान्यांतल्या जुळणीच्या रांगा बदलायच्या होत्या, म्हणून आकडा ३ लाख ३७ हजारांपर्यंत खाली गेला होता. मस्क यांच्या राजकारणामुळे ग्राहक दुरावले हेही तेव्हा दिसत होतं. त्या घसरणीतला किती वाटा कशाचा, हे ठामपणे सांगणारा माणूस मला तरी भेटलेला नाही. आवाज चढवून सांगणारे पुष्कळ भेटले.

आणि टेस्लाचा सायबरट्रक? २०१९ च्या नोव्हेंबरात तो मंचावर आला. ‘न फुटणारी’ काच सगळ्यांदेखत फुटली. ३९,९०० डॉलर किंमत आणि २०२१ चा मुहूर्त सांगितला गेला. पहिले ट्रक ग्राहकांना मिळाले ३० नोव्हेंबर २०२३ रोजी, जाहीर किमतीच्या पुष्कळ वर. किती विकले गेले, हे कंपनी वेगळं सांगत नाही. ‘इतर मॉडेल्स’ या गाठोड्यात ते बांधलेले असतात. ते गाठोडं सुटलं एका माघारी बोलावण्याच्या कागदामुळे. मार्च २०२५ मध्ये बाहेरची पट्टी निखळून पडण्याच्या शक्यतेमुळे तोवर बनलेले जवळजवळ सगळे सायबरट्रक परत बोलवावे लागले आणि सरकारी अर्जात संख्या लिहावी लागली: ४६,०९६. सुरुवातीला शंभर डॉलर भरून नाव नोंदवणाऱ्यांची गर्दी दहा लाखांच्या घरात गेल्याचं सांगितलं जात होतं. शंभर डॉलर परत मिळणारे होते, हे सांगायला बहुतेक जण विसरत.

“गाड्या माघारी बोलावल्या, म्हणजे कंपनी गोत्यात”

डिसेंबर २०२३ मध्ये टेस्लाने अमेरिकेत २० लाख गाड्या ‘माघारी बोलावल्या’. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गॅरेजसमोरची रांग उभी राहते. प्रत्यक्षात चालकाला मदत करणारी ऑटोपायलट ही सोय चालू असताना चालकाचं लक्ष आहे का, यावरची निगराणी वाढवायची होती. ती सुधारणा फोनच्या अपडेटसारखी हवेतून गाडीत उतरली. कायद्याच्या भाषेत दोन्हींना एकच शब्द आहे.

पण यावरून तेजीवाले जो निष्कर्ष काढतात, की टेस्लाचा प्रत्येक दोष रात्रीतून अपडेटने मिटतो, तोही चुकीचाच. एप्रिल २०२४ मध्ये ३,८७८ सायबरट्रक परत आले, कारण अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरचं आवरण सरकून अडकत होतं. जुळणी करताना ते सहज बसावं म्हणून कारखान्यात साबण वापरला गेला होता. साबण सॉफ्टवेअरने पुसता येत नाही.

“गाडी आपोआप चालते, आता टॅक्सीचे पैसे येणारच”

सगळ्यात महागडा गैरसमज हाच. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीने सांगितलं की यापुढच्या प्रत्येक गाडीत पूर्ण स्वयंचलनाला लागणारी यंत्रसामग्री आहे. २०१७ च्या अखेरीला लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत गाडी स्टिअरिंगला हात न लावता जाऊन दाखवेल, असं मस्क म्हणाले. ती गेली नाही. एप्रिल २०१९ मध्ये म्हणाले, पुढच्या वर्षी दहा लाखांवर रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. नव्हत्या. दरम्यान लोकांनी ‘फुल सेल्फ-ड्रायव्हिंग’ नावाच्या या सोयीसाठी हजारो डॉलर आगाऊ भरले. जानेवारी २०२५ मध्ये मस्क यांनीच कबूल केलं, की ज्यांनी हे पॅकेज विकत घेतलंय त्यांच्या गाड्यांतला ‘हार्डवेअर ३’ हा संगणक बदलावा लागेल. बाजारात तुरी असताना घरात मारामारी कशी होते, ती म्हण कुणी अमेरिकनाला समजावून सांगायची असेल, तर हे उदाहरण पुरे.

ग्राहकाच्या गाडीतल्या या सोयीच्या नावापुढे २०२४ पासून कंसात ‘सुपरवाइज्ड’ लागलं. चालकाने रस्त्यावरून नजर हटवायची नाही, आणि अपघात झाला तर जबाबदारी त्याची. अभियंत्यांच्या मोजपट्टीवर ही दुसरी पायरी. चौथ्या पायरीवर माणसाची गरज संपते, पण ठरलेल्या हद्दीत. गूगलच्या घराण्यातली वेमो कंपनी अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स भागात २०२० पासून सर्वसामान्य प्रवाशांना चालकाविना नेते आहे. टेस्लाची रोबोटॅक्सी टेक्ससमधल्या ऑस्टिनमध्ये सुरू झाली २२ जून २०२५ रोजी, मोजक्या गाड्या, मोजके प्रवासी, आणि शेजारच्या सीटवर देखरेखीला कंपनीचा माणूस.

आता मंदीवाल्यांनी टाळ्या पिटू नयेत. “हे सगळं थोतांड आहे” असं म्हणणाऱ्यांनी ती गाडी शहरातल्या सिग्नलवर वळताना, सायकलवाल्याला जागा देताना बघितलेली नसते. तंत्र खरं आहे आणि सुधारतंय. चुकत आलेत ते मुहूर्त, तेही एकाच दिशेने.

“नफा कसला, सगळे क्रेडिटचे पैसे”

हे एके काळी शब्दशः खरं होतं. २०२० हे टेस्लाचं पहिलं नफ्याचं पूर्ण वर्ष. नफा ७२ कोटी डॉलर, आणि प्रदूषणाचे निकष न गाठणाऱ्या इतर कंपन्यांना क्रेडिट विकून आलेले पैसे १५८ कोटी डॉलर. क्रेडिट काढा, तोटा उरतो. २०२३ मध्ये मात्र नफा १५ अब्ज डॉलर होता आणि क्रेडिटचा वाटा दोन अब्जांच्याही आत. म्हणजे टीका शिळी झाली? थांबा. त्या १५ अब्जांतले जवळजवळ ६ अब्ज ही करापोटीची एकदाच येणारी नोंद होती. आणि २०२५ च्या पहिल्या तिमाहीत नफा ४१ कोटी, क्रेडिट जवळपास ६० कोटी. शिळी टीका पुन्हा ताजी. ताळेबंद दरवेळी नव्याने वाचावा लागतो, याला इलाज नाही.

“शेअरचे तुकडे झाले, स्वस्त मिळतोय”

ऑगस्ट २०२० मध्ये एकाचे पाच झाले, ऑगस्ट २०२२ मध्ये एकाचे तीन. २०१० च्या जूनमध्ये १७ डॉलरला घेतलेल्या एका शेअरचे आज पंधरा झालेत. भाकरीचे तुकडे केल्याने पीठ वाढत नाही. लाभांश म्हणाल, तर टेस्लाने आजवर एक सेंटही दिलेला नाही.

“टेस्ला मस्क यांनी काढली”

जुलै २००३ मध्ये ती मार्टिन एबरहार्ड आणि मार्क टार्पेनिंग यांनी काढली. मस्क २००४ मध्ये पैसे घेऊन आले. सहसंस्थापक म्हणवून घ्यायचा हक्क त्यांना २००९ च्या तडजोडीने मिळाला.

“मुंबईत शोरूम आलंय, आता शेअर घ्यायला हवा”

१५ जुलै २०२५ रोजी वांद्रे-कुर्ला संकुलात शोरूम उघडलं, उद्घाटनाला मुख्यमंत्री होते. सप्टेंबरमध्ये पहिली गाडी परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी घेतली. गाडी शांघायमध्ये बनते, आयात शुल्क भरून येते, आणि मॉडेल वायची किंमत ६० लाखांच्या घरात सुरू झाली. वर्षाला सोळा-सतरा लाख गाड्या विकणाऱ्या कंपनीच्या हिशेबात भारत सध्या तळटीपेएवढा आहे. मुंबईतल्या शोरूमचा फोटो बघून नॅस्डॅकवरचा शेअर घेणं म्हणजे शेजारच्या लग्नाचा बँड ऐकून आपण आहेर करण्यासारखं आहे.

हा शेअर आपल्या बीएसईवर किंवा एनएसईवर नाही. घ्यायचाच तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेतून डॉलर पाठवून घ्यावा लागतो, आणि मग आणखी एक काम मागे लागतं. भारतात राहणाऱ्या करदात्याकडे कॅलेंडर वर्षात कधीही, अगदी अ‍ॅपवरून घेतलेला अर्धा शेअर असला, तरी विवरणपत्रातल्या ‘शेड्यूल एफए’मध्ये त्याची नोंद करावी लागते. विकला नसला तरी, तोटा झाला असला तरी. आणि ‘सहज’ नावाचा आयटीआर-१ त्याला चालत नाही.