मूव्हिंग हेड दिव्यांतील लॅम्पचे बिघाड : निदानाचा क्रम

रंगमंचावरील मूव्हिंग हेड दिवा पेटला नाही की लॅम्प निकामी झाला, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक तपासून पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. एलईडी दिव्यांचा येथे विचार केलेला नाही.

डिस्चार्ज लॅम्पमध्ये तंतू नसतो. इग्नायटरच्या काही हजार व्होल्टच्या स्पंदाने दोन इलेक्ट्रोडांमध्ये विद्युत् प्रज्योत निर्माण होते व बॅलास्ट तिचा प्रवाह मर्यादित ठेवतो. नुकताच विझलेला लॅम्प लगेच न पेटणे हा बहुधा दोष नसतो. तप्त लॅम्पमधील दाब वाढलेला असल्याने हा स्पंद अपुरा पडतो. पेटलेला लॅम्प काही वेळाने विझत असल्यास पंख्यांवरील धूळ व थर्मल स्विच तपासावेत. थंड असूनही न पेटल्यास प्रथम लॅम्पच्या वापराचे तास व होल्डरचे करपलेले संपर्क पाहावेत. नंतर त्याच प्रकारचा सुस्थितीतील लॅम्प बसवावा. तोही न पेटल्यास इग्नायटर, बॅलास्ट वा त्यांची जोडणी सदोष असण्याची शक्यता अधिक असते व तेथे तंत्रज्ञाचीच गरज असते.

महाविद्यालयांत हे काम अनेकदा विद्यार्थ्यांकडे येते. म्हणून वीजजोडणी काढून दिवा पूर्ण थंड होईपर्यंत तो उघडू न देणे, ही प्राध्यापकांची पहिली जबाबदारी होय. तप्त लॅम्प फुटू शकतो.