आजोबांचा कागद

जग बदलले असे म्हणताना सामान्यतः आगगाडी, विजेचा दिवा, दूरध्वनी अशा वस्तूंची यादी पुढे केली जाते. वस्तू डोळ्यांना दिसतात, म्हणून त्या मोजणे सोपे. परंतु दोन पिढ्यांमधील अंतर मोजण्यास याहून खरे असे एक माप आहे. आजोबांनी पेटीत जपून ठेवलेला कागद नातवाला वाचता येतो की नाही, एवढेच पाहावे. या मापाने मोजू गेल्यास महाराष्ट्रात अधिक लांबचा पल्ला पुण्यामुंबईच्या घरांनी नव्हे, तर मराठवाड्यातील आडबाजूच्या गावांनी गाठला आहे, असे म्हणावे लागेल.

उदाहरणादाखल जळकोट घ्यावे. तुळजापूर तालुक्यात नळदुर्गाच्या बाजूस याच नावाचे दुसरे गाव आहे. येथे अभिप्रेत आहे ते लातूर जिल्ह्याच्या पूर्वांगाचे, बालाघाटच्या डोंगराळ मुलखातील, उदगीरच्या शेजारचे जळकोट. तेथे १९३० च्या सुमारास जन्मलेला आणि जन्मभर एकाच घरात राहिलेला एखादा गृहस्थ कल्पावा. तो जन्मला निजामाच्या हैदराबाद संस्थानात. उदगीरकडचा हा मुलूख त्या काळी बिदर जिल्ह्यात मोडत असे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, आणि ऐन तारुण्यात तो भारताचा नागरिक होण्याच्या वाटेला लागला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचना होऊन बिदर म्हैसूर राज्याकडे गेले आणि हा मराठी भाग उस्मानाबाद जिल्ह्यास जोडून मुंबई राज्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा निघाला, आणि १९९९ साली जळकोट स्वतः तालुक्याचे गाव झाले. या गृहस्थाने उंबरठा ओलांडला नाही. पत्ता मात्र त्याच्यासाठी सरकारने पाच वेळा बदलून दिला.

पत्त्याचे एक वेळ सोडून देऊ. त्याच्या बापाच्या व्यवहारातील कोणतेच परिमाण पुढे टिकले नाही, ही गोष्ट अधिक खोलवर गेलेली आहे. पैसा होता तो हाली सिक्का, हैदराबादच्या टांकसाळीतला. इंग्रजी हद्दीतील रुपयास कलदार म्हणत, आणि सात हाली रुपयांना सहा कलदार असा ढोबळ हिशेब धरला जाई. सोलापूरच्या पेठेत माल नेणाऱ्यास बटावणाचा हा हिशेब तोंडपाठ ठेवावा लागे. संस्थानची टपाल तिकिटेही निराळी होती. साल होते ते फसली, ख्रिस्ती सनाहून ५९० वर्षांनी मागे. आणि महिने होते आजुर, दै, बहमन, इस्फंदार असे, इराणी नावांचे. जिल्ह्याच्या प्रमुखास अव्वल तालुकदार म्हणत. याच शब्दाने इतरत्र भलत्याच माणसाचा बोध होई, हे संस्थानाबाहेरच्या वाचकाने ध्यानात ठेवलेले बरे. पुढे १९५७ च्या एप्रिलात रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत शेर-मणाची जागा किलोने घेतली. हा बदल साऱ्या देशाने सोसला; मराठवाड्याने तो हाली सिक्का सोडण्याच्या गडबडीतच सोसला.

तथापि खरा पालट भाषेचा. १८८४ च्या सुमारास संस्थानच्या कारभारातून फारसी जाऊन उर्दू आली, आणि १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दूच ठेवले. देशी भाषेतून विद्यापीठाचे शिक्षण देण्याचा तो मोठाच प्रयोग होता, हे मान्य केले पाहिजे. परंतु ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेच्या घरातली नव्हती. मराठी मुलगा तहतानिया शाळेतून वस्तानियात आणि तेथून फौकानियात, म्हणजे प्राथमिकातून माध्यमिकात व हायस्कुलात चढू लागला, की त्याची मातृभाषा मागे राहू लागे. या रीतीस उत्तर म्हणूनच १९२१ साली हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा निघाली आणि अंबाजोगाईसारख्या गावी मराठी शिक्षण उभे राहिले. या दोन्ही ठिकाणी शिकविणारे स्वामी रामानंद तीर्थ पुढे हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. शाळेची भाषा आणि राज्याची सत्ता हे दोन प्रश्न त्या भागात वेगळे नव्हते, हे त्यावरून दिसते.

परिणाम असा झाला की, शिकलेल्या घरात आजोबा उर्दूत अर्ज लिहू शकत, मुलगा मराठी शाळेत शिकून लातूर-औरंगाबादेस गेला, आणि नातवंडे इंग्रजी शाळेच्या गाडीची वाट पाहत उभी राहू लागली. एका घरातील तीन शिक्षणे, तिन्ही प्रामाणिक, आणि एकाची वही दुसऱ्याला लागत नाही. पुण्याच्या घरातही आजोबांची मोडी नातवास वाचता येत नाही, हे खरे. पण ती मोडी मोठ्याने वाचून दाखविली तर कानाला मराठी ऐकू येते. जळकोटच्या पेटीतील कागद मोठ्याने वाचला तरी पुष्कळदा त्याचा दुभाष्या शोधावा लागतो.

त्या पेटीत असते तरी काय? पाटील-पटवाऱ्यांच्या दफ्तरातील उतारे, सेतवाराची नक्कल, एखादा तहसिलीचा हुकूम, जागीरदाराच्या कचेरीची पावती. १९४९ साली जागिरी नष्ट झाल्या, १९५० साली कूळकायदा आला, आणि १९५४-५५ च्या खासरा पाहणीत कोणती जमीन कोण कसतो हे नव्याने लिहिले गेले. म्हणजे एकाच शेताची हकिकत सहा-सात वर्षांत दोन भाषांत आणि दोन कायद्यांत लिहिली गेली. त्या शेतात दोन्ही काळी राबणाऱ्या आजीचे नाव मात्र यांपैकी कोणत्याच कागदावर सहसा सापडत नाही. मुलींना वडिलार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली मिळाला. नातीच्या दृष्टीने पाहिले तर या सर्व उलथापालथीत हीच तारीख थोरली ठरेल. पण इतिहासाच्या पुस्तकांत ती ठळक छापलेली आढळत नाही.

हे सर्व कागद वाळवीच्या स्वाधीन करून चालले असते, तर हा विषय केवळ कुतूहलाचा राहिला असता. तसे झाले नाही. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून मराठवाड्यातील निजामकालीन दफ्तरांत कुणबी अशा नोंदी शोधण्याचे काम राज्य सरकारने हाती घेतले, आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार मान्य केला. त्या निर्णयाच्या गुणदोषांवर वाद आहे आणि तो न्यायालयांतही गेला. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच की, नातवंडांचा महाविद्यालयातील प्रवेश एकाएकी पणजोबांच्या नोंदीवर येऊन थांबला, आणि ती नोंद होती उर्दूत किंवा मोडीत. कचेऱ्यांना या लिप्यांचे जाणकार हुडकावे लागले. सातबारा दूरध्वनीच्या पडद्यावर क्षणात उतरवून घेणारा तरुण आपल्याच घरच्या कागदापुढे निरक्षर ठरला. आणि जी उर्दू शाळा आजोबांनी नाइलाजाने केली असेल, तिचेच चार धडे त्याला हवेसे वाटू लागले.

अशा वेळी वाचणारा चांगला मिळाला तरी काम संपत नाही. फसली साल ख्रिस्तीत आणावयाचे तर ५९० मिळवावेत, असे कोणीही सांगतो. परंतु हैदराबादचे फसली वर्ष ऑक्टोबरात, आजुर महिन्यापासून सुरू होत असे. तेव्हा १३४० च्या आजुरातील जन्म १९३० चा, आणि त्याच १३४० च्या अमरदादमधील जन्म पुढील जूनातला, म्हणजे १९३१ चा. महिना न पाहता साल तेवढे उतरून घेतले, की माणूस कागदावर एका वर्षाने थोरला होतो, आणि मग एकाच माणसाच्या दोन दाखल्यांत मेळ बसत नाही.