आकाशातून खोकं नेमकं अंगणात कसं उतरवायचं?

आजचा विषय आहे पॅराफॉइल. कामशेतला पॅराग्लायडिंग बघितलंय ना? तसाच कापडी पंख, पण खाली माणसाऐवजी सामानाचं खोकं आणि जीपीएसवर चालणारा छोटा कॉम्प्युटर. अमेरिकन सैन्याने २००६ साली अफगाणिस्तानात अशी खोकी विमानातून सोडली. डोंगरातल्या तुकडीला औषधं, दारूगोळा हवा असतो. खोकं पलीकडच्या दरीत पडलं, तर ते आणायला जाणाऱ्याचा जीव धोक्यात.

आता हे वळतं कसं? मोटर पंखाच्या मागच्या कडेची दोरी ओढते. उजवी ओढली की उजवीकडे वळण. सोपं आहे. पण खाली किती तिरकं उतरायचं, हे त्याने नीट ठरवता येत नाही. खरी गोची इथेच आहे.

हिशोब करू. समजा पंख सेकंदाला १२ मीटर पुढे आणि ४ मीटर खाली जातो. ३०० मीटर उंची संपायला ७५ सेकंद, म्हणजे ९०० मीटर अंतर. समोरून ४ मीटरचा वारा आला की तेच अंतर ६००! उंची जास्त उरली तर नागमोडी वळणं घेऊन संपवता येते. कमी पडली तर? काहीच करता येत नाही.

यावर अमेरिकेत जॉर्जिया टेकच्या संशोधकांनी भन्नाट उपाय तपासला: पंखाच्या वरच्या कापडात चिरा ठेवायच्या. पंख समोरून हवा भरून फुगतो, त्यामुळे आत दाब जास्त, वर कमी. चीर उघडली की आतली हवा वर उसळते, वरचा सुरळीत प्रवाह बिघडतो, उचल घटते, अडथळा वाढतो. पंख जास्त तिरका उतरतो. एकाच बाजूची चीर उघडली तर वळतोसुद्धा. शिवाय पूर्ण कड ओढण्यापेक्षा चीर उघडायला जोर खूप कमी लागतो. म्हणजे मोटर लहान, बॅटरी लहान.

आता खरी गंमत बघा. चिरा आधीपासून अर्ध्या उघड्या ठेवूनच शेवटचा टप्पा आखायचा. समोरचा वारा वाढला? बंद करा, लांब जाईल. वारा पडला? आणखी उघडा, लवकर उतरेल. दोन्हीकडे हात मोकळा.

आम्ही कोडवाले अल्गोरिदम कितीही हुशार लिहू, पण हाताशी फक्त उजवं-डावं असेल तर तो लांब-जवळ कुठून आणणार? इथे ते काम कापडातल्या एका चिरेने केलं.