पाचोळ्याचे ऋण

एखादा माणूस 'पाचोळ्यासारखा उडून गेला' असे आपण म्हणतो, तेव्हा त्याची काडीइतकीही किंमत उरलेली नसते. आपल्या भाषेने पाचोळ्याला मान दिला नाही. सह्याद्रीच्या रानांनी मात्र त्याच्यावरच आपला संसार मांडला आहे.

भीमाशंकरचे रान १९८५ साली अभयारण्य झाले. शेकरू पाहण्याच्या आशेने पाहुणा वर बघत चालतो. पण रानाची कोठी पायाखाली असते. इथला मुसळधार पाऊस मातीतले सत्त्व धुऊन नेतो. मग अंजन, जांभूळ, पिसा ही झाडे एवढी पोसतात कशावर? गळलेल्या पानांवर! वाळवी, गांडुळे आणि लहानसहान किडे पानांचा भुगा करतात, बुरशी तो कुजवते, आणि मातीच्या वरच्याच थरात पसरलेली मुळे त्यातले सत्त्व उचलतात. जुने पान असे नव्या पानात परत जाते. पावसाळ्यातल्या काळोख्या रात्री इथल्या कुजक्या फांद्या हिरवट उजेडाने चमकतात, तो अशाच एका बुरशीचा दिवा.

पाचोळ्याखाली ओल टिकते, त्या ओलीत बी रुजते. सावलीतले रोप वर्षानुवर्षे हातभरच राहते. एखादा जुना वृक्ष कोसळून ऊन आत आले, की ते झेप घेते. ज्याला आपण 'माजलेले रान' म्हणतो, ती उद्याच्या वृक्षांची बालवाडी असते.

सह्याद्रीतल्या आणि कोकणातल्या अनेक देवरायांत वाळकी काटकीही बाहेर न्यायची नाही, असा दंडक होता. १९७० च्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले.

आज या देवरायांना कुऱ्हाडीइतकीच झाडूचीही धास्ती आहे. देऊळ नवे होते, भोवती फरशी येते, झुडुपे 'साफ' होतात, पाचोळा ओढून पेटवला जातो. मोठी झाडे उभीच असतात, म्हणून काही गमावले असे कोणाला वाटत नाही. पण त्यांच्या पायाशी एकही रोप नसते. रान भरलेले दिसते आणि निर्वंश झालेले असते!

लक्ष्मीपूजनाला आपण केरसुणीचीही पूजा करतो. तिने घरचे अंगण जरूर झाडावे. रानातल्या देवाचे अंगण तिच्यावाचूनच शोभते.