हत्ती मिळाले, राज्य?

युक्रेन झाले, ग्रीनलँड झाले; जुन्या-नव्या नकाशांवर बोट ठेवून 'हे आमचेच' म्हणणाऱ्यांच्या बातम्या आता रोजच्याच. या मंडळींचा पूर्वज शोधायचा तर सीरियाच्या अँटिओकस तिसऱ्याइतका अस्सल नमुना सापडणार नाही.

इ.स.पू. 223 मध्ये भावाचा खून झाला आणि विशीच्या आतबाहेरच्या या पोराच्या हाती पूर्वज सेल्युकसने उभारलेले राज्य आले. राज्य कसले, चिंध्या! मीडियाचा सुभेदार मोलॉन स्वतःला राजा म्हणवून घेऊ लागला. पाठोपाठ आशिया मायनरमध्ये नातलग अकीअसनेही मुकुट चढवला. दोघांचाही काटा निघाला. मग हातचे गेलेले प्रांत 'हे आमचेच' म्हणत 212 मध्ये स्वारी पूर्वेला निघाली.

बॅक्ट्रियाची राजधानी बल्खला दोन वर्षे वेढा पडला. आतला राजा युथिडेमस वस्ताद. सीमेवर भटक्या टोळ्या टपून आहेत, आपण भांडत बसलो तर दोघेही बुडू, असा निरोप त्याने धाडला. अँटिओकसने त्याची राजेपदवी कायम ठेवली आणि हत्ती घेतले. हिंदुकुश ओलांडून तो सुभागसेन या भारतीय राजाकडे गेला, जुना स्नेह ताजा केला, आणखी हत्ती घेतले. ग्रीक इतिहासकार पॉलिबियस आकडा देतो, एकूण 150. कबूल झालेला खजिना आणायला मात्र माणूस मागे ठेवावा लागला. एवढ्यावर 'महान' ही पदवी! मी तरी याला दिग्विजय म्हणणार नाही. हा समजुतीचा सौदा होता, आणि तोच त्याचा खरा शहाणपणा.

रणांगणात तो शहाणपणा कुठे जाई कोण जाणे. पूर्वेच्या स्वारीआधी, 217 मध्ये, राफियाला त्याचे 102 भारतीय हत्ती इजिप्तच्या 73 आफ्रिकी हत्तींना भारी पडले. हा पठ्ठ्या उजव्या बगलेवरून पळणाऱ्यांच्या मागे दौडत गेला, इकडे मधली फळी फुटली. सुमारे 27 वर्षांनी मॅग्नेशियाला रोमनांसमोर हुबेहूब तेच! तो शत्रूच्या छावणीपर्यंत पोचला. मागे बाणांनी बिथरलेल्या हत्तींनी स्वतःचेच भालाईत विस्कटले.

188 च्या अपामियाच्या तहात 15,000 टॅलंट चांदीचा दंड बसला आणि हत्ती बाळगायलाच बंदी आली. पुढच्याच वर्षी एलाममधले देऊळ लुटायला गेलेल्या राजाला तिथल्या लोकांनी ठार मारले. वारसांनी हत्ती मात्र पाळलेच. 162 मध्ये रोमन वकील आले, त्यांनी त्या जनावरांच्या पायांच्या शिरा तोडायला लावल्या. लोक इतके खवळले की वकिलांपैकी ऑक्टेव्हियसचा लाओडिसियात खून पडला.